फाइल मागता, मग वाटही द्या

मुंबईत भाड्याचं घर ठरलं की पहिला निरोप एजंटचा येतो. आधार, पॅन, एक फोटो, ऑफिसचं ओळखपत्र, सगळं व्हॉट्सॲप करा. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइन होते, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, आणि व्यवस्था म्हणून हे चांगलंच आहे. पण ११ महिने उलटले, घर सोडलं, दुसरं घेतलं, तरी ती कागदपत्रं एजंटच्या फोनमध्ये, त्याच्या मदतनिसाच्या फोनमध्ये आणि जिथे प्रिंट काढली त्या झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर तशीच पडून असतात. त्या संगणकाचं डाउनलोड्सचं फोल्डर कधी नीट पाहावं. आधार, आधार (१), आधार (२), असं करत आकडा शंभराच्या पुढे गेलेला असतो. मधेच कुणाची पगाराची स्लिप, कुणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. पुढच्या गिऱ्हाइकाचं पान शोधताना दुकानदार ती यादी सगळ्या रांगेसमोर वर-खाली करत असतो, आणि त्यात आपण काही वावगं करतोय असं त्याला वाटतही नाही.

या विषयावर आपल्याकडे जे काही बोललं जातं ते सगळं पाठवणाऱ्याला उद्देशून असतं. पासवर्ड लावा, अनोळखी लिंक उघडू नका, सायबर कॅफेत आधार डाउनलोड करू नका. सल्ले चुकीचे नाहीत. पण ज्याला घर हवंय, प्रवेश हवाय, मेडिक्लेमचे पैसे हवेत, तो समोरच्याला ‘व्हॉट्सॲपवर नाही पाठवणार’ असं कुठल्या तोंडानं सांगणार? घर दुसऱ्याला जाईल. म्हणून जबाबदारी उलट्या बाजूला टाकायला हवी. जो कागद मागतो, त्यानंच तो सुरक्षित पोचवण्याची वाट दिली पाहिजे आणि तो कागद किती दिवस ठेवणार हे मागतानाच सांगितलं पाहिजे. बँक असो, कॉलेज असो, हाउसिंग सोसायटी असो की पोलीस ठाणं.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं एक पत्रक काढलं होतं. आधारची झेरॉक्स सरसकट कुणालाही देऊ नका, शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार वापरा, सार्वजनिक संगणकावर ई-आधार डाउनलोड केलं तर त्याच्या सगळ्या प्रती पुसा, असा त्याचा आशय होता. दोनच दिवसांत, गैरसमज होण्याची शक्यता आहे असं म्हणत, सरकारनं ते मागे घेतलं. सल्ला योग्य होता, पण तो नागरिकाला दिला होता. हॉटेलसारख्या परवाना नसलेल्या खासगी संस्थांना आधारची प्रत घेता येत नाही असंही त्यात होतं, पण तेही नागरिकालाच उद्देशून. मागणाऱ्यावर बंधन नसेल तर असलं पत्रक चार दिवसही टिकत नाही.

आता ज्यांच्याकडे वाट आहे त्यांची वाट कशी असते ते पाहू. पोर्टल असतं, आणि त्यावर लिहिलेलं असतं: ‘फाइल २ एमबीपेक्षा मोठी नसावी.’ काही ठिकाणी तर २०० केबी. कॉलेजचा अर्ज भरणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइलनं स्कॅन केलेली ९ एमबीची गुणपत्रिका असते. तो काय करतो? गूगलवर ‘पीडीएफ कॉम्प्रेस’ असं शोधतो, पहिली दिसेल ती वेबसाइट उघडतो, आणि गुणपत्रिका, जातीचा दाखला, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला एकापाठोपाठ एक कुठल्या तरी देशातल्या कुणाच्या तरी सर्व्हरवर चढवतो. लहान होऊन आलेल्या फाइली मग पोर्टलवर जातात. पोर्टल स्वतः कितीही सुरक्षित असो, त्याच्या मर्यादेनंच कागद बाहेर नेला. संस्थेच्या कुठल्याच नोंदवहीत ही गळती येत नाही, कारण ती त्यांच्या दारापर्यंत पोचण्याआधीच झालेली असते.

ही २ एमबीची मर्यादा कुठून आली याचंही उत्तर बऱ्याचदा फार साधं असावं. पीएचपी या भाषेत लिहिलेल्या वेबसाइटला एका फाइलची मर्यादा कुणी ठरवून दिली नाही, तर ती आपोआप २ एमबीच राहते. त्यापुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची मूळ मर्यादा १ एमबी. ती ओलांडली की ‘४१३’ असा क्रमांक दाखवून तो फाइल परत पाठवतो. दोन्ही आकडे सेटिंगच्या फाइलमधली एकेक ओळ बदलून वाढवता येतात. साठवणुकीची जागा इतकी स्वस्त झाल्यावरही लाखो मुलांच्या अर्जाला हा आकडा चिकटून राहावा, याचं समर्थन मला तरी सापडत नाही.

तोवर पाठवणाऱ्यानं एक करावं. फाइल नंतर लहान करण्यापेक्षा स्कॅनच लहान करावा. ए-४ पान ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं तर कच्ची माहिती सुमारे १०४ एमबी होते. तेच १५० डीपीआयवर करड्या छटांत केलं तर जेमतेम २.२ एमबी. म्हणजे ४८ पटींचा फरक, आणि छापील मजकूर दोन्हीकडे वाचता येतो. पीडीएफ होताना दोन्ही आणखी आक्रसतात, पण फरक तरी मोठाच राहतो. शिक्का फिका असेल किंवा अक्षर बारीक असेल तर २०० डीपीआय घ्यावा. दुकानातून स्कॅन करून घेताना हे सांगावं लागतं. नाही सांगितलं तर मशीनवर आधीचं जे सेटिंग असेल तेच लागतं.

मोठी फाइल असली की बहुतेकांची पहिली धाव मेलकडे असते, आणि मेल तिथेच अडतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण १९-२० एमबीची फाइलसुद्धा वाटेत कुठे तरी नाकारली जाऊ शकते. मेलमधून जाताना फाइलच्या दर ३ बाइटचे ४ होतात, म्हणजे ती एक तृतीयांशानं फुगते, आणि पुढच्या प्रत्येक सर्व्हरची मर्यादा वेगळी असते. मग ड्राइव्हची लिंक येते. ड्राइव्हमध्ये ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय निवडायला एक टिचकी लागते आणि ‘फक्त या व्यक्तींना’ यासाठी मेल पत्ते टाकावे लागतात, त्यामुळे लोक पहिलाच निवडतात. ती लिंक सोसायटीच्या ग्रुपवर जाते, तिथून जावयाला, जावयाकडून त्याच्या वकिलाला. लिंक हाच तिथे पासवर्ड असतो हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सोसायट्यांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. पुनर्विकास निघाला की सभासदांचे करार, शेअर सर्टिफिकेट, वारसांची प्रतिज्ञापत्रं, बँकेचे तपशील असं सगळं गोळा होतं आणि ते सेक्रेटरीच्या खासगी जीमेल खात्यात साठतं. फुकट खात्याला मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीच जागा असते. ती भरली की नवे मेल यायचे बंद होतात, आणि विकासकाची नोटीस आलीच नाही अशी तक्रार सुरू होते. कमिटी बदलली की जुना सेक्रेटरी खात्याचा पासवर्ड देत नाही, आणि त्याची बाजूही खरी असते: त्यात त्याचं स्वतःचं सगळं असतं. ८० घरांची कागदपत्रं एका माणसाच्या खासगी खात्यात असणं ही सोय नसून धोका आहे, मग तो माणूस कितीही भला असो.

‘व्हॉट्सॲप तर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे की,’ हा युक्तिवाद हटकून येतो. खरं आहे. २०१६ पासून तसंच आहे, आणि आता तिथून २ जीबीपर्यंतचा दस्तऐवजही जातो. वाटेत तो कुणी वाचू शकत नाही. पण वरच्या सगळ्या उदाहरणांत गळती वाटेत झालेली नाही, टोकाला झाली आहे. एजंटच्या फोनवर फाइल उतरली की एन्क्रिप्शनचं काम संपलं. तिथून ती गॅलरीत जाते, दुकानात उघड्या राहिलेल्या व्हॉट्सॲप वेबमध्ये दिसते, क्लाउडवरच्या बॅकअपमध्ये जाते. बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं हे किती एजंटांना ठाऊक असेल? सात वर्षांनी तो फोन दुरुस्तीला जातो तेव्हाही ती तिथेच असते. पाठवलेली फाइल काही काळानं आपोआप जाणं आणि ती कुणी कधी उघडली याची नोंद राहणं, या दोन गोष्टींची हमी व्हॉट्सॲप मागणाऱ्याकडून घेऊन देत नाही.

पासवर्डचं म्हणाल तर आपल्याकडे त्याचा नुसता देखावा फार. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ अक्षरं आणि जन्मवर्ष. नाव तर फाइलसोबतच आलेलं असतं, म्हणजे उरलं जन्मवर्ष. १८ ते ९० वयाचा माणूस धरला तर ७३ पर्याय. हातानं टाइप करूनही एका दुपारी संपतात. जन्मतारीख हाच पासवर्ड असणाऱ्या स्टेटमेंटचं गणित थोडं मोठं, शंभर वर्षांच्या साधारण ३६,५०० तारखा, पण संगणकाला ते काही सेकंदांचं नाहीतर मिनिटांचं काम. शिवाय मेलमध्ये खालीच लिहिलेलं असतं की पासवर्ड कसा बनवलाय. कुलूप लावून किल्ली त्याच कडीला बांधून ठेवण्यातला हा प्रकार.

खरा पासवर्ड लावायचा तर सेव्हन-झिप हे फुकट साधन पुरेसं आहे. फाइलवर राइट क्लिक करून ‘ॲड टू आर्काइव्ह’, प्रकार सेव्हन-झेड, पासवर्ड, आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’ या चौकटीत खूण. ती खूण राहिली तर आतला मजकूर बंद असतो पण फाइलींची नावं दिसतात. आणि नावातच ‘बायोप्सी’ लिहिलेलं असेल तर बंद राहून उपयोग काय? समोरच्याकडे सेव्हन-झिप नसेल म्हणून झिप प्रकार घेतला तर कुलपाची पद्धत एईएस-२५६ ही मजबूत निवडावी. झिपक्रिप्टो ही जुनी पद्धत, आतल्या फाइलचा थोडा भाग माहीत असला तरी फोडता येते हे १९९४ पासून सर्वांना ठाऊक आहे. लोक तरीही तीच का वापरतात? विंडोजच्या स्वतःच्या झिप सोयीला एईएसची झिप बऱ्याचदा उघडता येत नाही, समोरून ‘फाइल खराब आहे’ असा निरोप येतो, आणि पाठवणारा वैतागून जुनी पद्धत लावतो. पासवर्ड चार असंबद्ध शब्दांचा असावा आणि तो दुसऱ्या मार्गानं द्यावा. फाइल मेलनं गेली तर पासवर्ड फोनवर बोलून सांगावा. फाइल २ जीबीच्या पुढची असेल तर तिथेच ‘स्प्लिट टू व्हॉल्युम्स’मध्ये १९००एम लिहिलं की ००१, ००२ असे तुकडे पडतात. सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून ००१ उघडायचा. एक जरी तुकडा हरवला तर पूर्ण फाइल मिळत नाही, म्हणून तुकड्यांची संख्या निरोपात लिहावी.

फाइल एका वाटेनं आणि किल्ली दुसऱ्या वाटेनं, हे कुणाला फार तांत्रिक वाटत असेल तर या शहरातला सिनेमाचा धंदा ते वर्षानुवर्षं निमूट करतो आहे. थिएटरला जाणारी सिनेमाची प्रत, म्हणजे डीसीपी, दीडदोनशे जीबीची असू शकते. ती हार्ड डिस्कवरून किंवा उपग्रहावरून जाते आणि एन्क्रिप्ट केलेली असते. ती उघडणारी केडीएम नावाची छोटीशी फाइल वेगळी, मेलनं जाते. ती त्या एका पडद्याच्या सर्व्हरवरच चालते आणि ठरलेल्या तारखांपुरतीच. डिस्क रिक्षात विसरली तरी सिनेमा फुटत नाही. म्हणजे कोट्यवधींचा माल असला की आपल्याला सगळं जमतं. पेशंटचा सीटी स्कॅन असला की ‘एवढं कोण करणार’.

याच धंद्याकडून दुसरंही शिकण्यासारखं आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या आंतरराष्ट्रीय केबल जमिनीवर येतात, आणि तिथून हाकेच्या अंतरावर आरामनगरातून, म्हणजे सिनेमावाल्यांच्या ऑफिसांच्या वस्तीतून, सॅकमध्ये हार्ड डिस्क टाकून मुलं बाइकवरून फिरत असतात. यात मागासलेपण काही नाही, साधा हिशेब आहे. प्रोरेस ४२२ एचक्यू प्रकारातलं फोर-के चित्रण सेकंदाला २४ फ्रेमनं तासाला सुमारे ३१८ जीबी होतं. अपलोड १०० एमबीपीएस असेल, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तर त्या एका तासाच्या चित्रणाला ७ तास लागतात, तेही लाइन एकदाही न अडखळता. अंधेरी ते लोअर परळ बाइक केव्हाही आधी पोचते. घरगुती जोडण्यांमध्ये डाउनलोड आणि अपलोडचे वेग सारखे असतातच असंही नाही. जाहिरातीतला आकडा बहुतेक डाउनलोडचाच असतो, म्हणून आधी अपलोड मोजून घ्यावा.

तेव्हा डिस्कनं पाठवायला माझी हरकत नाही. उघडी डिस्क पाठवायला आहे. विंडोज प्रोमध्ये डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर आहे. होम आवृत्तीत बाहेरच्या डिस्कला ते लावता येत नाही, पण लावलेली डिस्क पासवर्ड देऊन उघडता येते. एका टोकाला मॅक आणि दुसऱ्याला विंडोज असेल तर व्हेराक्रिप्ट हे तसंच दुसरं साधन सोयीचं, फक्त ते दोन्हीकडे हवं. पेनड्राइव्ह फॅट-३२ प्रकारातला असेल तर ४ जीबीच्या पुढची एक फाइल त्यावर बसतच नाही. जागा ६० जीबी मोकळी दिसते आणि तरी संगणक ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतो, तेव्हा कारण हेच. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा, आतलं आधी काढून घेऊन. सेटवरचा डीआयटी, म्हणजे चित्रणाच्या फाइली सांभाळणारा तंत्रज्ञ, कॉपी करताना प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवतो, आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रती गेल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू देत नाही. ही शिस्त बाहेर कुठेच दिसत नाही.

फुकट सेवांवर विसंबण्याचं काय होतं तेही इथल्याच लोकांनी पाहिलंय. मे २०२०, टाळेबंदी, सगळे घरून एडिट करतायत, आणि दूरसंचार विभागाच्या आदेशानं वीट्रान्सफर ही वेबसाइट देशात बंद झाली. त्याच वर्षी मोझिलानंही आपली फायरफॉक्स सेंड ही चांगली, एन्क्रिप्टेड सेवा बंद केली, कारण तिचा वापर घातक सॉफ्टवेअर पसरवायला होऊ लागला होता. सार्वजनिक काम दुसऱ्याच्या फुकटच्या पुलावरून चालवलं तर पूल केव्हाही उचलला जाऊ शकतो.

आता पोलीस आणि सोसायटी. इमारतीखालची गाडी कुणी ठोकली, चोरी झाली, की सीसीटीव्हीचं चित्रण मागितलं जातं. एक कॅमेरा २ एमबीपीएसनं रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१.६ जीबी होतात. ८ कॅमेऱ्यांचे जवळपास १७३. चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, म्हणजे डीव्हीआरमध्ये, १ टीबीची डिस्क असेल तर सहाव्या दिवशी सगळ्यात जुन्या चित्रणावर नवीन चढायला लागतं. मंगळवारची घटना, पुढच्या सोमवारी पत्र आलं, तर दाखवायला काही उरत नाही. हे माहीत नसल्यामुळे वॉचमन मोबाइलनं मॉनिटरचाच व्हिडिओ काढतो आणि ग्रुपवर टाकतो. व्हॉट्सॲपनं तो व्हिडिओ म्हणून घेतला की दाबून लहान होतो, नंबर प्लेट धूसर होते, आणि पुरावा म्हणून त्याची किंमत घसरते. वर चित्रणात दिसणारी शेजारची मुलगी कुणाबरोबर आली यावर चर्चा सुरू होते, ती वेगळीच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य लिहायची जागा आहे. हॅश म्हणजे फाइलच्या प्रत्येक बिटवरून काढलेली खूण. एसएचए-२५६ ची ६४ अक्षरं येतात. फाइलमध्ये एक बिट बदललं तरी ती पूर्ण वेगळी येते. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयूटिल ही आज्ञा आधीपासूनच असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा. डीव्हीआरमधून त्याच्या मूळ प्रकारातच चित्रण काढायचं, सोबत ते दाखवणारा प्लेअरही घ्यायचा. एमपी-४ मध्ये बदलून द्यायचा मोह टाळायचा, कारण बदललेली फाइल ही दुसरीच फाइल. डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहून ठेवायचा, तो कधी कधी २०-२५ मिनिटांचाही निघतो. मग हॅश काढायचा, मग कॉपी, मग कॉपीचा हॅश पुन्हा काढून जुळवायचा. एवढं केलं की पेनड्राइव्ह कुणाच्या हातून गेला तरी फाइल तीच आहे हे दाखवता येतं.

पण हे सगळं सोसायटीच्या हौशी खजिनदारानं का करावं? ज्या यंत्रणेला चित्रण हवं तिनं मागणीच्या पत्रातच अपलोडची एक लिंक द्यावी, हॅश तिथेच आपोआप निघावा आणि पोचपावतीवर छापून यावा. आज पेनड्राइव्हही बऱ्याचदा सोसायटीनंच विकत आणून द्यायचा असतो आणि तो परत येत नाही.

रुग्णालयांबद्दल थोडक्यात. सीटी स्कॅनचा एक छेद सुमारे अर्धा एमबीचा, हजार छेदांचे ५०० एमबी. परळच्या रुग्णालयांत राज्यभरातून लोक सीडी घेऊन येतात आणि डॉक्टरांच्या नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. मग सीडी बाहेरच्या दुकानात जाते, तिथून पेनड्राइव्ह, तिथून व्हॉट्सॲप. स्कॅन ज्या प्रकारात साठवतात त्या डायकॉम फाइलच्या आत पेशंटचं नाव, वय, केस क्रमांक लिहिलेले असतात; फाइलचं नाव बदलून ते पुसले जात नाहीत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये पेशंटच्या संमतीनं एका रुग्णालयाचा रेकॉर्ड दुसऱ्यानं मागवण्याची सोय आखलेली आहे. दिशा तीच बरोबर: कागद पेशंटच्या पिशवीतून फिरवण्यापेक्षा मूळ ठिकाणाहून थेट मागवावा. डिजिलॉकरही याच तत्त्वावर उभा आहे. तिथून दिलेला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो, तरी वर ‘एक झेरॉक्स पण द्या’ म्हणणारे आहेतच.

वाट द्यायची म्हणजे नेमकं काय? छोट्या संस्थेला नेक्स्टक्लाउडसारखं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर चालवता येतं. त्यात ‘फाइल ड्रॉप’ नावाची लिंक बनते, जिथे पाठवणाऱ्याला फक्त आत टाकता येतं, दुसऱ्यांनी टाकलेलं दिसत नाही. लिंकला पासवर्ड आणि संपण्याची तारीख लावता येते. एवढं सांभाळणं जमणार नसेल तर पैसे भरून घेतलेल्या बहुतेक साठवण सेवांमध्ये अशी ‘फाइल मागवण्याची’ लिंक असतेच. अपलोड मधेच तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होणारं हवं. ९० टक्क्यांवर लोकलच्या बोगद्यात रेंज गेली आणि पुन्हा शून्यापासून, असं दोनदा झालं की माणूस व्हॉट्सॲपकडे वळतोच. रोज ठरावीक कंपन्यांशी मोठ्या फाइलींची देवघेव असेल तर एसएफटीपी ही एन्क्रिप्ट करून फाइल पाठवण्याची पद्धत, प्रत्येकाला वेगळं खातं, पासवर्डाऐवजी डिजिटल किल्ली. बऱ्याच ऑफिसांमध्ये फाइल पाठवण्याची जुनी पद्धत, साधं एफटीपी, अजून चालतं, ज्यात पासवर्डही उघडाच वाहतो. एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी १९७१ मध्ये एमआयटीत लिहिला तेव्हा जाळ्यावर मोजके संगणक होते आणि त्यांची एकमेकांशी ओळख होती. भूषण यांना दोष नाही. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सनंही ते काढून टाकलं, तरी जे अजून वापरतात त्यांना मात्र दोष आहे.

एकाच खोलीतल्या दोन संगणकांसाठी यातलं काहीच नको. लोकलसेंड हे ॲप दोन्हीकडे घेतलं की फाइल इंटरनेटवर न जाता वायफायवरूनच जाते. दोघे एकमेकांना दिसत नसतील तर बहुतेक वेळा कारण ‘गेस्ट’ वायफाय असतं. त्यात उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत.

माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो वजनदार आहे. प्रत्येक संस्थेनं स्वतःचं पोर्टल काढलं तर प्रत्येक पोर्टल हे चोरासाठी एकेक भरलेलं कोठार होणार. २०२३ मध्ये मूव्हइट या, खास सुरक्षित देवघेवीसाठीच विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं आणि क्लॉप टोळीनं जगभरातल्या दोन हजारांहून अधिक संस्थांच्या फाइली उचलल्या. त्या संस्थांनी सुरक्षित वाट दिलेलीच होती. पण देवघेवीच्या सर्व्हरवर फाइल चार दिवसांपुरतीच असती, तर चोराच्या हाती चार दिवसांचाच माल लागला असता. म्हणूनच माझा जोर एन्क्रिप्शनइतकाच पुसण्याच्या तारखेवर आहे. वाट ही गोदाम होता कामा नये. फाइल आली, आतल्या यंत्रणेत गेली, की बाहेरच्या सर्व्हरवरची प्रत सातव्या दिवशी आपोआप जावी, कुणाच्या आठवणीवर ते सोडू नये.

कायद्याचा आधार आता आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्यानंच तिची वाजवी सुरक्षा राखायची, त्यात कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, आणि काम संपल्यावर माहिती पुसायची, असं हा कायदा सांगतो. सरकारी यंत्रणांना त्यात सवलती ठेवल्या आहेत. त्या कमी व्हाव्यात असं मला वाटतं, पण ती लढाई लांबची.

जवळची लढाई सोसायटीच्या वार्षिक सभेत लढता येते. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि त्यात एक छोटा ठराव मांडता येतो: सोसायटीच्या नावाचं स्वतंत्र मेल आणि साठवणुकीचं खातं, त्याचा पासवर्ड कमिटी बदलली की बदलणार, सभासदांची कागदपत्रं फक्त तिथल्या अपलोड लिंकवर घेतली जाणार, ग्रुपवर किंवा सेक्रेटरीच्या खासगी नंबरवर नाही, भाडेकरूची कागदपत्रं करार संपल्यावर ३० दिवसांत पुसणार, आणि सीसीटीव्हीचं चित्रण लेखी मागणीशिवाय कुणालाही, अगदी अध्यक्षांनाही, मोबाइलवर मिळणार नाही. एजंटनं भाडेकरूचे कागद आणून द्यायचे तर तेही त्याच लिंकवर. खर्च विचारला जाईलच, तेव्हा लिफ्टच्या देखभालीच्या आकड्याशेजारी तो लिहून दाखवावा.